कंपनी चाळीस कोटींना विकली, हातात किती?

वाचकांचे प्रश्न : या वेळी स्टार्टअप विकण्याबद्दल

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे कागद करणारे एक वकील आणि एक सीए यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या प्राप्तिकर कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि कलमांचे आकडे बदलले. म्हणून करासंबंधी उत्तरांत कलमांचे आकडे टाळून तरतूद काय आहे तेवढंच सांगितलं आहे. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

शाळांची फी आणि हजेरी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. आम्ही दोघे संस्थापक, प्रत्येकी ३६ टक्के. एका फंडाने १० कोटी घालून २० टक्के घेतले, ८ टक्के ईसॉपमध्ये (कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरमध्ये) आहेत. आता ४० कोटींची टर्मशीट (सौद्याच्या अटींचा मसुदा) आली आहे, त्यातले ८ कोटी दोन वर्षांच्या अर्नआउटचे (ठरलेली कामगिरी झाली तरच मिळणारे). ४० कोटींचे ३६ टक्के म्हणजे १४ कोटी ४० लाख धरून मी घर बघायला लागलो आहे. ताळेबंद आणि फंडाबरोबरचा करार सोबत जोडला आहे. (बाणेर, पुणे)

घर जरूर बघा, पण टोकन देऊ नका. तुमच्याच कागदांवरून हिशेब मांडू.

अर्नआउटचे ८ कोटी आधी बाजूला काढा. ते मिळतील तेव्हा मिळतील. राहिले ३२. टर्मशीटमध्ये ‘कॅश-फ्री, डेट-फ्री’ असे शब्द आहेत, म्हणजे कंपनीच्या खात्यातली रोकड तुमच्या बाजूला मिळवायची आणि कर्ज वजा करायचं. रोकड ९० लाख, बँकेचं कर्ज दीड कोटी. कर्मचाऱ्यांच्या साठलेल्या रजा आणि ग्रॅच्युइटीचे ३० लाखही खरेदीदार कर्जातच धरतो.

वाद होतो तो शाळांकडून जूनमध्ये आगाऊ घेतलेल्या वार्षिक वर्गणीवर. तुमच्या पुस्तकात अशी २ कोटींची रक्कम आहे, जिची सेवा अजून द्यायची आहे. खरेदीदार म्हणेल, हे पूर्ण २ कोटी कर्जच. तुम्ही म्हणा, कर्ज धरायचं तर ती सेवा पुरवायला लागणारा खर्च तेवढा धरा. सर्व्हर आणि सपोर्ट मिळून तो ३० टक्के निघाला तर ६० लाख. या एका मुद्द्यावर १ कोटी ४० लाख इकडचे तिकडे होतात, आणि तो टर्मशीटवर सही करण्याआधी लिहून घेतला नाही तर नंतर तुमच्या हातात काही उरत नाही. खेळत्या भांडवलाची पातळी (सौद्याच्या दिवशी कंपनीत किती असावं तो आकडा) ठरवतानाही हाच धोका आहे. शाळांचा धंदा हंगामी, म्हणून मागच्या १२ महिन्यांची सरासरी धरा. एखाद्या महिन्याअखेरचा आकडा धरू देऊ नका.

आता ३२ अधिक ०.९, वजा १.५, वजा ०.६, वजा ०.३, म्हणजे ३०.५ कोटी. सल्लागार बँकर, वकील, सीए यांचा खर्च दीड कोटी धरा. राहिले २९.

यानंतर फंडाचा करार उघडा. फंडाकडे साधे शेअर नाहीत, सीसीपीएस (पुढे साध्या शेअरमध्ये बदलणारे प्राधान्य शेअर) आहेत, आणि लिक्विडेशन प्रेफरन्स (विक्रीच्या पैशांतून आधी उचलण्याचा हक्क) ‘वन एक्स, पार्टिसिपेटिंग’ आहे. म्हणजे फंड आधी आपले १० कोटी उचलणार आणि उरलेल्या १९ मध्ये पुन्हा २० टक्क्यांनी सामील होणार : ३ कोटी ८० लाख. फंडाला एकूण १३.८, ईसॉपला सुमारे दीड कोटी, आणि तुम्हा दोघांना प्रत्येकी ६ कोटी ८४ लाख. तोच करार ‘नॉन-पार्टिसिपेटिंग’ असता तर फंडाला १० कोटी किंवा २० टक्के (५.८ कोटी) यांतलं एकच निवडावं लागलं असतं. त्याने १० घेतले असते, आणि तुम्हाला प्रत्येकी ८ कोटी ५५ लाख मिळाले असते. एका शब्दाची किंमत माणशी १ कोटी ७१ लाख. गुंतवणूक आली त्या दिवशी मूल्यांकनावर घासाघीस झाली असणार. हा शब्द तसाच राहिला. तरीही आता विचारून बघा. संस्थापकांच्या हातात फारच कमी उरत असेल तर पुढची दोन वर्षं ते मनापासून काम करणार नाहीत, हे खरेदीदारालाही कळतं. फंडाने आपल्या हिश्श्यातलं थोडं सोडावं, हा आग्रह अशा वेळी खुद्द खरेदीदार धरतो.

एस्क्रो (दावे निघाले तर म्हणून त्रयस्थ खात्यात अडकवलेली रक्कम) अजून बाकी आहे. तुमच्या टर्मशीटमध्ये १५ टक्के १८ महिने अडकणार आहेत. सगळ्यांनी आपापल्या वाट्याने दिले तर तुमचे १ कोटी ३ लाख. पण फंड सहसा म्हणतो की आलेले पैसे आम्हाला आमच्या गुंतवणूकदारांना लगेच वाटायचे आहेत, आम्ही काही अडकवणार नाही. ईसॉपवाल्यांनाही वगळलं तर ४ कोटी ३५ लाखांचा पूर्ण बोजा तुम्हा दोघांवर, म्हणजे प्रत्येकी जवळपास २ कोटी १८ लाख. फंड एस्क्रोत येणार की नाही, हे आजच विचारा.

शेवटी कर. अनलिस्टेड शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवलेले असतील तर दीर्घ मुदतीचा भांडवली नफा, १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईची वजावट) नाही. नफा एक कोटीच्या पुढचा, त्यामुळे १५ टक्के अधिभार आणि ४ टक्के सेस धरून १४.९५ टक्के पडतात. एस्क्रोतल्या रकमेवरही याच वर्षी कर भरावा, हा सावध मार्ग. ६.८४ कोटींवर कर १ कोटी २ लाख. म्हणजे सगळे एस्क्रोत आले तर पहिल्या दिवशी तुमच्या हातात खरे ४ कोटी ७९ लाख. बाकी १ कोटी ३ लाख दीड वर्षाने, तेही काही दावा निघाला नाही तर. निवासी विक्रेत्याच्या शेअरवर खरेदीदार सहसा मोठा टीडीएस कापत नाही, त्यामुळे खात्यात जवळपास पूर्ण आकडा दिसतो आणि कराचं भान सुटतं. सौदा झाल्यानंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यात (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) भरणा करा. सौदा १५ मार्चनंतर झाला तर ३१ मार्चपर्यंत भरा, नाही तर व्याज लागतं.

हा सगळा तक्ता, ज्याला या व्यवहारात ‘वॉटरफॉल’ म्हणतात, एक्सेलमध्ये मांडून फंडाकडून ईमेलवर मान्य करून घ्या. एकदा ४५ ते ६० दिवसांची एक्सक्लुझिव्हिटी सुरू झाली की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. किंमत खाली ओढायचे प्रयत्न होतात ते याच काळात.

२०१९ मध्ये पहिलं व्हर्जन एका मित्राने फ्रीलान्स लिहून दिलं. पैसे बँकेतून दिले, करार काही नाही. आज त्या कोडचा जेमतेम पाचवा भाग शिल्लक आहे. खरेदीदाराचे वकील म्हणतात, आधी हे मिटवा. पैसे दिल्यावर कोड आमचाच ना? (कोल्हापूर)

नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्राम म्हणजे ‘साहित्यकृती’. कलम १७ प्रमाणे नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो, पण बाहेरच्या माणसाने कंत्राटावर लिहिलेली कृती त्याचीच राहते. बिल चुकतं केल्याने वापरण्याची परवानगी मिळाली असं फार तर म्हणता येईल. मालकी लेखी हस्तांतरणानेच येते.

या कागदात लोक नेमके कुठे चुकतात ते सांगतो, कारण ‘सर्व हक्क कंपनीला दिले’ अशी एक ओळ लिहून भागत नाही. कलम १९ मध्ये तीन खाचा आहेत. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण फक्त ५ वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. आणि मिळालेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत, व करारात तसं काही म्हटलेलं नसेल, तर ते हक्क गळून पडतात. तेव्हा ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’, ‘जगभर’ आणि ‘एक वर्षाची अट लागू नाही’ ही तीनही वाक्यं हवीत. कामाचं वर्णन मोघम नको : रिपॉझिटरीचं (कोड साठवलेल्या जागेचं) नाव, तारखा, कुठले मॉड्यूल. मोबदल्याची रक्कम आणि दोघांच्या सह्या. मुद्रांक शुल्क वकिलाला विचारून भरा. बिनमुद्रांकाचा कागद कोर्टात पुढे करता येत नाही.

पाचवाच भाग उरला म्हणून सुटका नाही. जुन्यावर रचलेलं नवं काम जुन्यातून मोकळं होत नाही. गिट हिस्टरीत (कोडमधल्या बदलांच्या नोंदीत) प्रत्येक ओळ कुणाची ते दिसतं, आणि खरेदीदाराची माणसं तेच बघतात.

मित्राकडे जाताना विक्री चालली आहे हे लपवू नका. नंतर कळलं तर फसवणुकीचा वाद उभा राहतो. पण गोपनीयतेचा करार झालेला असेल तर खरेदीदाराचं नाव सांगता येणार नाही. योग्य रक्कम द्या आणि विषय संपवा. सही मिळेना, तर त्याने लिहिलेलं मॉड्यूल नव्याने लिहून घेणं बहुतेक वेळा एस्क्रोत मोठी रक्कम अडकवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

याच बैठकीत बाकीचीही यादी काढा. कंपनी नोंदण्याआधी तुम्ही स्वतः लिहिलेला कोड : तोही तुमच्याकडून कंपनीकडे लेखी यायला हवा. त्या वेळी तुम्ही दुसरीकडे नोकरीला होता का? असल्यास त्या नोकरीचं नेमणूकपत्र काढून वाचा. बिनपगारी इंटर्न, लोगो करणारी मुलगी, डोमेन कुणाच्या नावावर, प्ले स्टोअरचं खातं कुणाच्या जीमेलवर, एडब्ल्यूएसच्या मूळ खात्याचा ईमेल सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा तर नाही ना. ओपन सोर्स लायसन्सचं (खुल्या कोडच्या वापर-अटींचं) स्कॅन स्वतः आधी चालवा. एमआयटी आणि अपाचे लायसन्सवर फारसे प्रश्न येत नाहीत. जीपीएल कोड ग्राहकाला दिलेल्या ॲपमध्ये मिसळला असेल तर अडचण. एजीपीएल तर सर्व्हरवरही भोवतं : त्या कोडमध्ये बदल करून सेवा नेटवरून दिली की वापरणाऱ्यांना सोर्स देणं भाग पडतं.

मी संस्थापक नाही, साधी कर्मचारी आहे. माझ्याकडे ४,००० ऑप्शन (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क) आहेत, १० रुपये किमतीचे, सगळे व्हेस्ट झालेले (वापरता येतील असे). कंपनी विकली जात आहे आणि शेअरला ७६० रुपये मिळतील असं ऐकते. कर किती? (हिंजवडी)

कंपनीने विक्रीच्या वेळी ऑप्शन रद्द करून फरकाची रक्कम दिली, तर ती पगार समजून तुमच्या स्लॅबने टीडीएस कापून मिळेल. फरक ७५० गुणिले ४,००० म्हणजे ३० लाख. ३० टक्के आणि सेस धरून कर ९ लाख ३६ हजार, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेलं तर वर अधिभार.

तुम्ही अडीच-तीन वर्षांपूर्वी ऑप्शन वापरून शेअर घेतले असते आणि तेव्हाचं मूल्य समजा २०० रुपये असतं, तर १९० च्या फरकावर, म्हणजे ७ लाख ६० हजारांवर, तेव्हा पगारासारखा कर : २ लाख ३७ हजार. आज उरलेल्या ५६० च्या फरकावर, २२ लाख ४० हजारांवर, दीर्घ मुदतीचा १३ टक्के : २ लाख ९१ हजार. मिळून ५ लाख २८ हजार. चार लाख वाचले असते खरे. पण तेव्हा खिशातून ४० हजार शेअरचे आणि २ लाख ३७ हजार कराचे घालायचे होते, तेही कधी विकता येतील याची खात्री नसलेल्या कागदावर. कंपनी बुडाली असती तर कर परत मिळाला नसता. तुम्ही थांबलात यात चूक काही झाली नाही.

विक्रीच्या आधी घाईने वापरण्यात आता अर्थ नाही : अनलिस्टेड शेअरचं मूल्य मर्चंट बँकर ठरवतो, आणि सौदा समोर दिसत असताना ते सौद्याच्या भावाच्या जवळच येणार. आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या पात्र स्टार्टअपमध्ये पगारकर पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण शेअर विकताच किंवा नोकरी सोडताच १४ दिवसांत तो देय होतो. विक्रीच्या प्रसंगी तिचा उपयोग नाही.

तुमच्या ऑप्शन-योजनेच्या कागदात दोन गोष्टी शोधा. विक्री झाली तर व्हेस्ट न झालेल्या ऑप्शनचं काय होतं (हे तुमच्या सहकाऱ्यांसाठी), आणि नोकरी सोडल्यावर किती दिवसांत वापरायचे. ९० दिवस असं बऱ्याच ठिकाणी असतं. सौदा लांबला आणि मध्येच राजीनामा दिलात तर हाच आकडा महत्त्वाचा ठरेल.

सिंगापूरची कंपनी आमची कंपनी २४ कोटींना घ्यायला तयार आहे. ६० टक्के आता, ४० टक्के तीन वर्षांत विक्री वाढेल तसे. आमचे सीए म्हणतात, असं चालणार नाही. त्यांचं बरोबर आहे का? (नाशिक)

त्यांचं बरोबर आहे. निवासी माणूस अनिवासी खरेदीदाराला शेअर विकतो तेव्हा परकीय चलनाच्या नियमांनुसार एकूण रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच पैसे मागाहून घेता येतात, आणि तेही करार झाल्याच्या तारखेपासून १८ महिन्यांत. तुमच्या बाबतीत ६ कोटी, दीड वर्ष. ९ कोटी ६० लाख आणि तीन वर्षं बसत नाहीत. एस्क्रो आणि खरेदीदाराला द्यायची भरपाई यांनाही हीच २५ टक्के आणि १८ महिन्यांची चौकट आहे. बरीच परदेशी वकील मंडळी आपल्या नेहमीच्या नमुन्यातली कलमं इथे चिकटवतात, आणि बँकेत फाइल अडकल्यावर सगळ्यांना जाग येते.

मार्ग दोन. पहिला : आज सगळे शेअर विकू नका. ६०-६५ टक्के आता विका, बाकीचे दोन-तीन वर्षांनी, विक्रीच्या आकड्यावर बेतलेल्या सूत्राने. त्या दिवशीच्या वाजवी मूल्यापेक्षा कमी भाव लागता कामा नये आणि ठरावीक परताव्याची हमी असता कामा नये, एवढं सांभाळा. दुसरा : उरलेली रक्कम बोनस म्हणून पगारात घेणं. नियमांत बसतं, पण दोन कोटींच्या वरच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत ३९ टक्के कर पडतो. भांडवली नफ्यावर १४.९५. खरेदीदार हा मार्ग सहज सुचवतो, कारण त्याच्याकडून तो खर्चात टाकता येतो. तुम्ही होकार देण्याआधी फरक मोजा, आणि रक्कम तेवढ्याने वाढवून मागा.

अर्नआउट कसंही बांधलं तरी मोजमाप निव्वळ नफ्यावर ठेवू नका. विक्रीनंतर खर्च कुठे टाकायचा ते खरेदीदार ठरवतो. सिंगापूरच्या ऑफिसचा हिस्सा तुमच्या पुस्तकात आला की नफा गायब. विक्रीवर किंवा वसूल झालेल्या रकमेवर ठेवा. सोबत लिहा : हिशेबाची पद्धत आजचीच, दर तिमाहीला आकडे दाखवायचे, आणि तुम्हाला विनाकारण काढलं किंवा कंपनी दुसऱ्याला विकली तर बाकी पूर्ण रक्कम तत्काळ देय. अनिश्चित अर्नआउटवर विक्रीच्याच वर्षी कर लावता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल उलट दिशेचा. महाराष्ट्रातल्या करदात्याला मुंबईचा निकाल आधार देतो, पण मिळेल न मिळेल ही अनिश्चितता करारात स्पष्ट दिसायला हवी.

कागदांची वेळ : शेअर हस्तांतरण किंवा पैसे येणं, यांतलं जे आधी घडेल त्यापासून ६० दिवसांत एफसी-टीआरएस (शेअर हस्तांतरणाच्या नोंदीचा) फॉर्म रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर जायला हवा, आणि ही जबाबदारी निवासी पक्षाची, म्हणजे तुमची. यातला सगळ्यात रेंगाळणारा कागद म्हणजे पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेकडून येणारा केवायसी अहवाल. तो पैसे आल्यावर मागायला बसू नका, आधीच तजवीज करा. पूर्वी एखाद्या एनआरआय नातेवाइकाने गुंतवणूक केली असेल तर त्या वेळचा एफसी-जीपीआर (नव्याने दिलेल्या शेअरच्या नोंदीचा फॉर्म) ३० दिवसांत भरला होता का, हेही आत्ताच बघा. तो राहिला असेल तर विलंब शुल्क किंवा कंपाउंडिंग (रक्कम भरून चूक मिटवणं) आधी, सौदा नंतर. खरेदीदाराचे अंतिम लाभार्थी भारताला जमिनी सीमा लागून असलेल्या देशातले निघाले तर एप्रिल २०२० पासूनचे सरकारी मंजुरीचे नियम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैशांऐवजी खरेदीदाराचे शेअर घ्यावेत का? (ठाणे)

शेअर कुणाचे यावर आहे. स्नॅपडीलने २०१५ मध्ये फ्रीचार्ज घेतली ती रोख आणि शेअर मिळून. सौदा सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. २०१७ मध्ये तीच फ्रीचार्ज ॲक्सिस बँकेला ३८५ कोटी रुपयांना गेली, आणि स्नॅपडीलच्या शेअरची रयाही तोवर गेली होती. उलट बाजूला झोमॅटोने २०२२ मध्ये ब्लिंकिट ४,४४७ कोटींना घेतली, पूर्णपणे शेअर देऊन. भाव ठरला तेव्हा झोमॅटोचा शेअर ७० च्या आसपास होता, पुढच्या वर्षभरात ५० च्या खालीही गेला, आणि २०२४ मध्ये दोनशेपार. झोमॅटो बाजारात नोंदलेली होती, म्हणून वाट बघणाऱ्याला विकायला जागा तरी होती.

खासगी कंपनीचे शेअर घेताना दोन गोष्टींशिवाय सही नको. अदलाबदल हीसुद्धा विक्रीच, कर त्याच वर्षी लागतो. तेव्हा निदान कर भागेल एवढी रोकड हवी, आमच्या मते एकूण किमतीच्या २५ टक्के तरी. आणि मिळणारे शेअर कुठल्या वर्गाचे? खरेदीदाराच्या फंडांना प्रेफरन्स आणि तुम्हाला साधे इक्विटी शेअर मिळत असतील तर पहिल्या उत्तरातला हिशेब पुन्हा मांडा, या वेळी रांगेत शेवटी तुम्ही आहात असं धरून. फंडांच्या भावाने साधे शेअर गळ्यात मारले जातात, सवलत मागा.

करारात तीन वर्षं त्यांच्याकडे नोकरी आणि त्यानंतर पाच वर्षं ‘सॉफ्टवेअर व्यवसायात’ स्पर्धा करायची नाही, असं आहे. मी ४३ वर्षांचा. पुढे करू काय? भारतात असलं कलम टिकत नाही ना? (छत्रपती संभाजीनगर)

नोकरीच्या करारातलं टिकत नाही, विक्रीच्या करारातलं टिकू शकतं. करार कायदा १८७२ च्या कलम २७ मध्ये धंद्याचं गुडविल (नावलौकिक) विकणाऱ्यावर वाजवी निर्बंधाला सूट आहे. म्हणून खरेदीदाराचा वकील हे कलम मुद्दाम शेअर विक्रीच्या करारात घालतो. ‘कोर्टात बघून घेऊ’ या भरवशावर सही करू नका.

तीन आणि पाच मिळून आठ वर्षं होतात, ५१ व्या वर्षापर्यंत. मागणी अशी ठेवा : मुदत सौद्याच्या तारखेपासून मोजायची, नोकरी संपल्यापासून नाही, एकूण तीन ते चार वर्षं. ‘सॉफ्टवेअर व्यवसाय’ हे शब्द काढून तुमची कंपनी आज जे विकते तेच नेमकं लिहा, हवं तर पाच-सहा स्पर्धकांची नावं जोडा. शिकवणं, संचालकपद, दुसऱ्यांच्या स्टार्टअपमध्ये ५ टक्क्यांपर्यंत गुंतवणूक यांना सूट. त्यांनीच तुम्हाला कारणाशिवाय काढलं तर निर्बंध संपला. आणि किमतीतला काही भाग ‘नॉन-कम्पीट फी’ म्हणून वेगळा दाखवू देऊ नका : तो भांडवली नफा राहत नाही, व्यवसायाचं उत्पन्न होऊन स्लॅबच्या दराने करपात्र होतो.

तीन वर्षांच्या नोकरीचंही नीट वाचा. पद, कुणाला रिपोर्ट करायचं, कुठल्या शहरात, हे लिहिलेलं असावं, आणि त्यांत तुमच्या संमतीशिवाय बदल झाला तर तुम्ही ‘गुड लीव्हर’ म्हणून, राखीव पैसे न गमावता, बाहेर पडू शकाल असं कलम. संस्थापक साधारण नवव्या महिन्यात वैतागतो. खर्चाच्या मंजुरीला तीन सह्या लागायला लागतात, आपणच नेमलेला माणूस परस्पर दुसऱ्या विभागात जातो. त्या वेळी तुम्ही रागाने राजीनामा दिला की ‘बॅड लीव्हर’ ठरता आणि राखून ठेवलेले पैसे जातात. एक वर्ष सक्तीचं आणि पुढे दर सहा महिन्यांना राखीव रकमेचा हप्ता मोकळा, ही रचना आम्हाला तीन वर्षं एकगठ्ठा बांधून घेण्यापेक्षा बरी वाटते.

टीमला केव्हा सांगावं? (वाकड, पुणे)

ड्यू डिलिजन्स (खरेदीदाराकडून होणारी कंपनीची तपासणी) सुरू होताच हिशेब आणि तंत्रज्ञान सांभाळणाऱ्या दोघा-तिघांना, गोपनीयतेच्या सहीवर. बाकीच्यांना करारावर सह्या झाल्याच्या दिवशी, बातमी बाहेर फुटण्याआधी, आणि प्रत्येकाच्या ईसॉपचा आकडा हातात घेऊन. आकडा नसेल तर सभा पुढे ढकला.

आम्ही सॅन होझेत असतो. कंपनी डेलावेअरची, शेअर २०२२ मध्ये थेट कंपनीकडून घेतले. अमेरिकेत क्यूएसबीएसमुळे (छोट्या कंपनीच्या शेअरवरच्या करसवलतीमुळे) कर शून्य होईल म्हणतात. पुढच्या वर्षी पुण्याला कायमचं परतायचं आहे. विक्री आधी की परतणं आधी? (सॅन होझे, कॅलिफोर्निया)

४ जुलै २०२५ पर्यंत मिळालेल्या शेअरना पाच वर्षांची अट आहे, आणि सवलत १ कोटी डॉलर किंवा गुंतवलेल्या रकमेच्या दहापट, यांतलं जे जास्त तिथपर्यंत. शेअर दिले तेव्हा कंपनीची मालमत्ता ५ कोटी डॉलरच्या आत हवी. त्या तारखेनंतरच्या शेअरना तीन वर्षांवर ५०, चारवर ७५ आणि पाचवर १०० टक्के असा नवा टप्पा आहे, तो तुमच्या २०२२ च्या शेअरना लागत नाही. तेव्हा पाच वर्षं पुरी होईपर्यंत थांबा. शेअर टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होणारे असतील तर ८३-बी निवड (शेअर मिळतानाच कर लावून घेण्याचा अर्ज) शेअर मिळाल्यापासून ३० दिवसांत पाठवली होती का, ते शोधा. पाठवली नसेल तर पाच वर्षं प्रत्येक व्हेस्टिंगपासून मोजली जातील. ही ३० दिवसांची मुदत मागाहून वाढवून मिळत नाही.

‘शून्य’ हा शब्द मात्र फक्त केंद्रीय कराला लागू. कॅलिफोर्निया राज्य ही सवलत मानत नाही. भारतही मानत नाही : परतल्यावर पूर्ण निवासी झालात की जगभरचं उत्पन्न इथे करपात्र, आणि तिकडे कर भरलाच नाही तर वळता करून घ्यायला काही नसतं. बराच काळ अनिवासी राहून परतलेल्यांना सुरुवातीची एक-दोन वर्षं ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ हा दर्जा मिळतो, आणि त्या काळात परदेशातल्या शेअरवरचा परदेशातच मिळालेला नफा इथे लागत नाही. परतण्याची तारीख विमानाच्या तिकिटाआधी दिवस मोजून ठरवा.

विक्रीच्या पैशातून घर घेतलं तर कर वाचतो का? (डोंबिवली)

वाचतो, पण इथे फक्त नफा घालून भागत नाही, मिळालेली पूर्ण निव्वळ रक्कम घरात घालावी लागते; कमी घातली तर त्या प्रमाणात सूट. कमाल १० कोटी. विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घर नको. गावच्या वाड्यातला हिस्सा आणि बायकोबरोबर संयुक्त नावावर असलेला फ्लॅट इथे आठवतात, तेही बहुतेक वेळा रिटर्न भरताना. तयार घर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षांनंतरपर्यंत, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत तर बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमचं खातं काढून त्यात ठेवा. साध्या मुदत ठेवीत ठेवलेले चालत नाहीत.